भिंतीकडं बघणारा डॉक्टर

कामेन्दोल, ११ मार्च

नाजिये पोरी,

सलाम. इथं सगळे जिवंत आहेत. बरे आहेत असं मी लिहीत नाही, नाहीतर म्हणशील, आजी म्हातारपणी खोटं लिहायला शिकली. वरच्या वळणापर्यंत अजून बर्फ आहे. बियाण्याच्या बटाट्यांना कोंभ फुटून बसलेत. तुझा बाप जर्मनीत लोकांची छपरं बांधतोय आणि आपलं छप्पर गळतंय.

फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. माझे कान गेलेत, मी ओरडून बोलते, आणि फोन आहे तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात. सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे. म्हणून ही अक्षरं जुळवत बसलेय. वाकडी आहेत, वाचून घे.

त्याचं असं झालं. तुझ्या आईचा खांदा धरलाय, हात मागं जात नाही, म्हणून न्हाणीत मी तिची पाठ चोळून देते. गेल्या महिन्यात तिनं हात वर केला आणि मला दिसलं. डाव्या छातीला, काखेच्या बाजूनं, कातडी आत ओढलेली. कणकेत बोट दाबून काढलं की खळगा राहतो ना, तशी.

म्हटलं, "हे काय गं सालिहे?"

"काही नाही आत्याबाई, वय झालं."

"वय मला झालंय. मला कुठं खळगा आहे?"

दाबून बघितलं तर आत गाठ, घेवड्याच्या दाण्याएवढी. मोठ्या घेवड्याच्या. कधीपासून, तर म्हणे भोपळे काढले तेव्हापासून. म्हणजे अख्खा हिवाळा ही बाई छातीत घेवडा घेऊन लाकडं फोडत होती.

नाजियेला कळवायचं नाही, तिची परीक्षा आहे, अशी शपथ मला घातली. मी नुसती मान हलवली. माझी मान हल्ली आपोआपही हलते.

मग मी तिला बसमध्ये कोंबली आणि शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर शुक्रीकडं पाठवली. आपल्याच लोकांतला, मुसलमान, पलीकडच्या दरीतला. त्याच्याआधी तिथं एक ख्रिस्ती डॉक्टर होता, त्याच्याकडं आपली एकही बाई जात नव्हती. शुक्रीकडं सगळ्या जातात. का? तर तो बघतच नाही! बाई कपडे काढून गळ्यापर्यंत चादर ओढून पडते, मग तो आत येतो, तोंड भिंतीकडं. साबणाच्या वडीएवढं, वायर लावलेलं यंत्र चादरीखाली सरकवतो आणि म्हणतो, "काकू, तुम्हीच फिरवा." बाईचाच हात, बाईचंच अंग. तो फक्त टीव्हीकडं बघतो. आपली हाफिझे म्हणते, शुक्रीकडं जाणं म्हणजे कपडे घालून हमामात जाऊन येणं. एवढा सभ्य माणूस.

सालिहेनंही फिरवलं. तो म्हणाला, सगळं स्वच्छ आहे. येताना तिनं दुकानातून हलवा आणला. गाठ आहे तिथंच आहे, पण डॉक्टरला दिसली नाही म्हणजे काही नसेल. तू तिकडं डॉक्टरकीत हेच फोटो बघायला शिकतेस, म्हणून कळवलं. आनंद मान आणि अभ्यास कर.

आजी


प्लोव्हदिव, १६ मार्च

आजी,

मला आनंद झाला नाही. पत्र वाचलं आणि लगेच घरी फोन लावला. आईनं उचलला, आणि माझ्या तोंडून 'बर्फ किती आहे' एवढंच निघालं. तिनं बर्फाबद्दल बरंच सांगितलं.

हे नीट वाच, दोनदा वाच. ते सोनोग्राफीचं यंत्र म्हणजे विजेरी आहे. हात जिथं नेईल तिथलंच दिसतं. आपल्या तळघरात विजेरी फिरवून कोणी म्हणालं, इथं उंदीर नाही, तर तू काय विचारशील? कोपऱ्यात मारलीस का, हेच ना? शुक्रीनं विजेरी आईच्या हातात दिली आणि स्वतः पाठ फिरवली. तेव्हा एकच गोष्ट विचारून घे: ते यंत्र तिनं गाठीवर ठेवलं होतं का? आणि तो खळगा, आजी. खळगा ही चांगली खूण नसते. याहून जास्त मी न बघता बोलणार नाही.

लाज मला कळत नाही असं समजू नकोस. गेल्या आठवड्यात एक आजोबा आले होते, जांघेत सूज. खोलीत मला बघितलं आणि दोन्ही हातांनी पट्टा धरून बसले. "पोरी, तुझ्या वडलांना बोलाव." मी म्हटलं, वडील गवंडी आहेत. तरी पट्टा सुटेना. शेवटी मी बाहेर गेले आणि एका पुरुष डॉक्टरला पाठवलं. मला वाईट वाटलं, पण त्यांची तपासणी तर झाली.

आमच्या मोठ्या बाई, डॉक्टर स्तामोवा, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "झाकायचं ते झाक, बघायचं ते बघ. उलटं करू नकोस." शुक्रीनं उलटं केलं.

तिला इकडं घेऊन ये. इथं तपासायला बाईच असते, यंत्रही बाईच चालवते.

नाजिये


कामेन्दोल, २४ मार्च

नाजिये,

विचारलं. आम्ही दोघी बियाण्याचे बटाटे कापत बसलो होतो. एकेका तुकड्याला एकेक डोळा ठेवायचा, तुला माहीत आहे. मी मान वर न करता विचारलं, "ते यंत्र गाठीवर ठेवलं होतंस का गं?"

ती कापतच राहिली. कापता कापता तिनं एक तुकडा डोळ्याशिवायच टोपलीत टाकला. मी तो काढून बाजूला ठेवला.

मग म्हणाली, "वरून नेलं. खालून नेलं. तिथं नाही नेलं."

"का? लाज वाटली?"

"लाज कसली? चादर होती, तो भिंतीकडं बघत होता. तिथं नेलं असतं तर दिसलं असतं."

ऐकलंस? इतकी वर्षं हे गाव म्हणतंय, आमच्या बाया लाजाळू. लाजाळू नाहीत, भित्र्या आहेत. लाज पुढं उभी करतात आणि भीती तिच्या पाठीमागं जाऊन बसते. लाजेला कोणी हात लावत नाही, म्हणून भीतीला तिथं बरं पडतं.

मी म्हटलं, "उद्या प्लोव्हदिव." तर चाकू खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत या सुनेनं माझ्यावर डोळे वर केले नव्हते. म्हणाली, "नाजिये आहे तिथं मी कपडे काढणार नाही. मी तिची आई आहे. तिनं मला तसं बघायचं नाही."

"लेक नाही बघणार, तिच्या बाई बघतील."

"भिंतीपलीकडं तीच असणार."

तेव्हा ओढून आणता येणार नाही. आणि तू इकडं येऊ नकोस. आलीस तर ती गोठ्यात जाऊन बसेल आणि मला दोघींचा स्वयंपाक करावा लागेल. तुझ्या बापाला कळवायचं तिचं तिनं बघावं. तो फोनवर रडतो आणि तासाचे पैसे वाया घालवतो.

तिचं-माझं कधी फार सूत जुळलं नाही, हे तुला माहीत आहे. क्लिन भाजते त्यात मीठ जास्त घालते, कपडे उन्हात न घालता चुलीवर वाळवते. पण माझ्या घरातली आहे. चिडले तर मी कोणावर चिडायचं, ती नसली तर?

आजी


प्लोव्हदिव, २९ मार्च

आजी,

'तिनं मला तसं बघायचं नाही' हे वाक्य मी दिवसभर बरोबर घेऊन फिरले. रोज अनोळखी बायका माझ्यासमोर कपडे काढतात, हात वर करतात, आणि आपल्या नातवंडांबद्दल बोलतात. आणि माझी आई गोठ्यात लपेल.

ठीक आहे. मी बघणार नाही. तिला सांग, नाजियेनं वचन दिलंय: आईनं हो म्हटल्याशिवाय नाजिये एकही फोटो बघणार नाही. पण कोणीतरी बघितलंच पाहिजे, आजी, आणि लवकर.

त्या शुक्रीविरुद्ध मी वर लिहिणार आहे. त्याला तिथून काढायला हवं. किती बायका त्यानं 'स्वच्छ' म्हणून घरी पाठवल्या असतील?

नाजिये


कामेन्दोल, ९ एप्रिल

नाजिये,

लिहू नकोस. आधी हे वाच.

मी शुक्रीकडं जाऊन आले. हाफिझेबरोबर बसनं गेले; तिला सांगितलं, मला छातीत धडधडतं. बाकावर आपल्या आठ-दहा बाया, डोक्याला रुमाल बांधून, मळ्याला निघाल्यासारख्या. सगळ्या त्याचं कौतुक करतात. "कसा खालमानेचा!" "आईनं काय वळण लावलंय!" मी गप्प. मी गप्प बसले की हाफिझेला कळतं काहीतरी होणार, ती माझी बाही धरून होती.

आत गेले. चादर घेऊन पडले. तो आला, तोंड भिंतीकडं, यंत्र चादरीखाली. "आजी, तुम्हीच फिरवा. डावीकडून सुरुवात करा."

मी ते गुडघ्यावर ठेवलं.

तो टीव्हीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, हे काय दाखवताय?"

"तूच सांग."

"हे हाड आहे. हा गुडघा आहे, आजी."

"अरे वा! गुडघा ओळखलास. मग माझ्या सुनेची गाठ का नाही ओळखलीस?"

आता वळला. पोरी, पहिल्यांदा त्याचं तोंड समोरून बघितलं. बरं आहे, जरा लांबट. मी चादरीत उठून बसले आणि सगळं सांगितलं: घेवडा, खळगा, तिनं यंत्र कसं वळसा घालून नेलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "गुडघा दिसला तर मला कळतो. जे दाखवलंच नाही ते मला कसं कळणार?"

"मग दाखवायचं काम तिच्यावर का सोडलंस? डॉक्टर ती आहे का?"

तेव्हा त्यानं सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यानं एका बाईला नीट, सावकाश तपासलं. बाहेर तिचा दीर उभा होता. त्यानं याला बोळात भिंतीला दाबून धरलं आणि विचारलं, एवढा वेळ आत काय बघत होतास? मदतीला नर्स होती, तीही पुढं जर्मनीला गेली. तेव्हापासून हा भिंतीकडं बघतो.

"आणि त्या बाईचं काय निघालं?"

"तिला काही नव्हतं."

"म्हणजे मानगूट तुझी एकानं धरली आणि शिक्षा आम्हा सगळ्यांना. लाज तू राखलीस शुक्री, आणि गाठ आमच्याकडं राहिली."

त्याला राग आला. बरं वाटलं, म्हटलं, माणूस आहे. म्हणाला, "आजी, तुम्ही सगळ्या माझ्याकडं का येता? मी बघत नाही म्हणून. उद्यापासून मी बघायला लागलो तर त्या बाकावर कोण बसेल? आत्ता निदान येतात तरी."

याचं उत्तर तुला सुचत असेल तर कळव.

म्हणून म्हणते, वर लिहू नकोस. याला काढतील, आणि कोणाला पाठवतील? पुन्हा परका कोणी. मग बाक मोकळा. आहे त्यालाच सरळ करू. मी त्याला म्हटलं, "सालिहेला मी आणते. पण तू बघायचं." तो म्हणाला, "त्यांनी हो म्हटलं तर बघेन. आणि खोलीत अजून एक बाई हवी, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

हे मात्र मला पटलं.

आजी


प्लोव्हदिव, १४ एप्रिल

आजी,

उत्तर अजून शोधतेय. तक्रार लिहिली होती, ती पाठवली नाही. फाडलीही नाही.

शुक्रीला फोन केला. मी भांडायच्या तयारीत होते, पण तो आधीच स्वतःशी भांडून बसला होता. आम्ही ठरवलंय ते तुला सांगते, आईलाही सांग, म्हणजे तिला आत गेल्यावर धक्का बसायला नको. दार वाजवल्याशिवाय तो आत येणार नाही. काय करणार ते आधी सांगणार. ज्या बाजूचं बघायचं तेवढंच उघडणार, दुसरी बाजू झाकलेलीच. तू आणि प्रयोगशाळेतली एक बाई आत राहणार. आई 'थांब' म्हणाली की तो थांबणार, कारण विचारणार नाही. गरज वाटली तर सुईनं थोडा तुकडा घ्यावा लागेल. ते दुखतं, पण थोडं.

फोटो दुसरं मत घ्यायला इथं येतील, कारण तिथं दुसरं कोणी नाही. डॉक्टर स्तामोवा बघतील. माझं वचन मला आठवतंय.

पण तिला तयार कसं करणार?

नाजिये


कामेन्दोल, २३ एप्रिल

नाजिये,

तयार कसं केलं, तर बोलून नाही. बोलण्यानं तुझी आई तयार होत असती तर क्लिनचं मीठ केव्हाच कमी झालं असतं.

तिला म्हटलं, "मला शुक्रीनं परत बोलावलंय, एकटी जात नाही, चल." खोटं होतं का? नव्हतं. त्यानं मलाही बोलावलं होतं, या वयात माझीही एकदा तपासणी व्हावी म्हणून. बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती. तिला कळलं होतं. मला वाटतं ती आली तीच कळून आली.

आत गेलो तर ती दाराला टेकून उभी राहिली, ओढणीची गाठ हनुवटीखाली मुठीत धरून. शुक्रीनं दार वाजवलं, आत आला, कान लाल. त्याच्याबरोबर प्रयोगशाळेतली बाई, व्हान्या, धिप्पाड, हातात गरम चहा. तिनं चहा सालिहेला दिला. असं कोणाला सुचलं होतं कोण जाणे, पण चहा धरायला ओढणी सोडावी लागते.

मी म्हटलं, "आधी मी."

सुनेसमोर सासूनं असं करायचं नसतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी आयुष्यात माझ्या नवऱ्यासमोरही दिवा असताना गुंडी सोडली नाही. वर चढले, आडवी झाले, आणि चादर स्वतःच खाली ओढली. काय उरलंय तिथं, दोन रिकाम्या पिशव्या. शुक्री म्हणाला, "आजी, आता मी डाव्या बाजूनं सुरू करतो. चालेल?"

"चालेल. बघ. डोळे उघडे ठेव, त्यासाठीच तुला शिकवलंय."

त्यानं बघितलं. सगळीकडून, काखेतसुद्धा. ते चिकट थंडगार होतं, मी शिवी घातली, व्हान्या हसली. मी मान वळवून सालिहेकडं बघितलं. ती चहा विसरून त्याच्या डोळ्यांकडं बघत होती. मला वाटतं, तिला त्यात दुसरंच काहीतरी दिसेल अशी भीती होती. त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. ताटात तांदूळ निवडताना माणूस बघतो तसा बघत होता.

माझं स्वच्छ निघालं. मी खाली उतरले, गुंड्या लावल्या आणि म्हटलं, "पलंग गरम आहे."

तिनं कप व्हान्याला दिला. पडद्याआड गेली. गुंड्या सोडायला किती वेळ लागला म्हणशील, तर मी बाकावर बसले, उठले, परत बसले. मग आली, चादर घेऊन पडली, आणि छताकडं बघत म्हणाली, "डावीकडं."

शुक्री म्हणाला, "डावीकडचीच चादर काढतो, सालिहेकाकू. थांब म्हणा, थांबेन."

ती एकदा म्हणाली, थांब. तो थांबला. हात मागं घेऊन उभा राहिला. मी तिला काही म्हटलं नाही, नाजिये, आणि हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते तू जाण. मग ती म्हणाली, "हं."

गाठीवर आल्यावर त्याचा चेहरा बदलला नाही. हात बदलला. हात थांबला.

"दिसलं?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"झाकू?"

"एवढ्यात नको. काख बघायचीय."

"आता उघडलंच आहे तर सगळं बघा," ती म्हणाली. आणि डोळ्यांतून पाणी कानात गेलं ते पुसलं नाही. मी पुसलं. माझ्या बाहीनं, रुमाल सापडेना.

सुई त्याच दिवशी लावली. तुकडा तपासायला गेला, फोटो तुमच्याकडं आले असतील.

गावात बोभाटा झालाच. हाफिझे म्हणते, शुक्री बिघडला, बघायला लागला. मी म्हटलं, "कपडे घालून हमामात गेलीस तर मळ तसाच राहतो, हाफिझे." ती तोंड फिरवून गेली. बाकावर बाया कमी झाल्यात, शुक्रीचं बोलणं खरं ठरतंय. पण काल शेजारची धाकटी सून दारात उभी राहून विचारत होती, 'आजी, तुम्ही बरोबर याल का?' जाईन म्हटलं. बटाटे लावून झालेत.

आजी


प्लोव्हदिव, ३० एप्रिल

आजी,

फोटो मंगळवारी आले. मी स्तामोवाबाईंच्या शेजारी बसले होते. पडद्यावर आधी नाव येतं, मग चित्र. नाव दिसलं आणि मी उठले. त्यांनी विचारलं, कुठं? मी म्हटलं, ही माझी आई आहे, तिनं मला परवानगी दिलेली नाही. त्या म्हणाल्या, "जा."

मी बाहेर बाकावर बसले. आमच्या बाकावर. आजवर मी त्यावर कधी बसले नव्हते. समोर बंद दार असतं, आणि आत जे दिसतंय ते तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसत असतं.

बाई बाहेर आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. पण त्या कधी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत.

तुकड्याचा अहवाल तिकडं शुक्रीकडं आधी येईल. मला कळव. कसंही असो, कळव.

नाजिये


कामेन्दोल, ७ मे

नाजिये,

वाईटच आहे. सरळ लिहिते, तुला वळसे आवडत नाहीत आणि मला येत नाहीत.

शुक्री स्वतः गाडी घेऊन वर आला. दवाखान्यात बोलवून बाकासमोर सांगणार नाही म्हणाला. अंगणात बसला. सालिहेला सांगताना खाली बघितलं नाही, तिच्याकडं बघितलं. ऑपरेशन लवकर करायचं. काखेत गेलेलं दिसत नाही, पण नक्की ते उघडल्यावर कळेल. हिवाळा वाया गेला नसता तर बरं झालं असतं, असं तो म्हणाला नाही. मीच म्हटलं. सालिहे म्हणाली, "आत्याबाई, पुरे." मी पुरे केलं.

मग त्यानं विचारलं, "मी मार्चमध्येच बघितलं असतं तर तुम्ही बघू दिलं असतं का?" तुझी आई म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "तरी मी विचारायला हवं होतं." मी ताक आणलं.

तुझ्या बापाला तिनं स्वतः फोन केला. रडला. तिनं ऐकून घेतलं, तासाचे पैसे गेले ते गेले. शनिवारी येतोय.

ऑपरेशन प्लोव्हदिवलाच. हे तिनंच सांगितलं, मी नाही. मला विचारलंही नाही. पिशवी काढली, नवा नाइटगाऊन घडी करून ठेवला. मीही येणार आहे. तिथल्या डॉक्टरांना गुडघा ओळखता येतो का बघेन.

आता ती म्हणते, खाली जागा ठेवा, मला लिहायचंय. ठेवलीय. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, हे मी मान्य करते.

आजी


नाजिये,

आत्याबाईंनी वर काय लिहिलंय ते मला वाचू दिलेलं नाही. तुझ्या बाईंनी शुक्रीला सांगितलं, तू उठून बाहेर जाऊन बसलीस.

ऑपरेशनच्या आधी ते फोटो परत काढणार आहेत. तिथं विचारतील तेव्हा मी हो म्हणणार आहे, आणि तुलाही आत्ताच सांगते, हो. बाहेर बसू नकोस.

नीट बघ. काखेतलंही.

आई